गाडी उभी करायची जागा

धनराज,

परवा, तू गेल्यानंतरच्या तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं. तुला माहीतच आहे, चार माणसांसमोर उभं राहिलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून मी सोपा रस्ता धरला आणि आपल्या घरगाडीचा किस्सा सांगितला. लोक हसले. भन्तेजीसुद्धा हसले. शांतावहिनी पदराने डोळे पुसत हसल्या, आणि तुझ्या ऑफिसातले ते कधी न हसणारे हेडक्लार्क चक्क मान हलवत होते. मी खाली बसलो. शेजारच्यानं पाठीवर थाप मारून 'छान बोलले' म्हटलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण मी रामटेकपर्यंतचाच किस्सा सांगितला होता. परतीचा भाग चौदा वर्षांत मी कोणाला सांगितलेला नाही. तुलाही नाही, आणि तू तर गाडीत माझ्या शेजारी बसलेला होतास.

आज तो सांगतो. तू मधेच तोंड घालू शकत नाहीस, हा एक फायदा आहे.

आपली ओळख कशी झाली ते लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. तुमच्या भूमापन खात्याची जीप आमच्या सरकारी वर्कशॉपात आली होती आणि तू तिच्याबरोबर आला होतास. मी फोरमन, आणि तू मला क्लच म्हणजे काय ते समजावून सांगत होतास. तेही चुकीचं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही जमिनी मोजा." तू म्हणालास, "तेच करून राहिलो गा. पण या जीपनं दोन दिवसांपासून एक एकरही मोजू दिला नाही." मग तू रिकाम्या बॅटरीच्या खोक्यावर बसून चहा प्यालास आणि ते खोकं पुढची कित्येक वर्षं तुझंच झालं.

तू लोकांच्या हद्दी मोजायचास. भावाभावांची भांडणं तुझ्या मोजणीच्या साखळीने मिटायची, नाहीतर आणखी पेटायची. आणि तुला स्वतःला या शहरात दोन खोल्या मिळत नव्हत्या. वस्तीतल्या घरात तुम्ही तीन भाऊ, त्यांची बायकापोरं. वहिनी धंतोलीच्या एका दवाखान्यात नर्स. कामाची पाळी संपली की एवढ्या लांब पायी जायच्या. म्हणून तू धंतोलीत घर शोधत होतास. एकदा मी तुझ्याबरोबर आलो होतो, आठवतं? मालक मोठे सभ्य गृहस्थ. पाणी दिलं, पंखा लावला, नळाला दोन्ही वेळ पाणी येतं असं सांगितलं. मग तुझं पूर्ण नाव विचारलं. तू सांगितलंस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "अरेरे, सकाळीच एकांना शब्द देऊन बसलो." बाहेर आल्यावर मी संतापून काहीबाही बोलत होतो. तू सायकलचं कुलूप काढत म्हणालास, "तू काहून तापून राहिला? माझं हे आठवं घर आहे. त्यातल्या पाच जणांनी सकाळीच शब्द दिला होता. नागपुरात सकाळी लोक दुसरं काही करतच नाहीत वाटते."

त्यानंतर महिनाभरात आमच्या सक्करदऱ्याच्या घरावर दोन खोल्या बांधून झाल्या. तू एका रविवारी चहा पिता पिता सहज विचारल्यासारखं विचारलंस, "वरच्या खोल्या देऊन राहिले काय गा कोणाले?" आणि मी म्हणालो, "ताईच्या दिराला शब्द दिलाय." ताईचा दीर तेव्हा रायपूरला होता. त्याला नागपूरला यायचं नव्हतं आणि तो कधी आलाही नाही. तू 'बरं' म्हणालास, बशीतला चहा संपवलास आणि भेंडीच्या भाजीबद्दल बोलायला लागलास. तुला खोटं कळलं होतं की नाही? मला वाटतं, कळलं होतं. सकाळी शब्द देणारी माणसं तू खूप पाहिली होतीस.

म्हणून गाडीची बातमी मी आणली. लोकांसमोर मी सांगितलं, मित्रासाठी आणली. खरं असं की त्या वरच्या रिकाम्या खोल्या मला रोज जिन्यावरून दिसायच्या, आणि तुला कुठेतरी घर मिळालं असतं तर मला त्यांच्याकडे बिनघोर पाहता आलं असतं.

एका मिशनच्या दवाखान्याचा फिरता दवाखाना बंद पडला होता आणि त्याची गाडी विकायला निघाली होती. त्यांच्या म्हाताऱ्या डॉक्टरबाईंनी ती खास बांधून घेतलेली, कारण त्या आठ-आठ दिवस खेड्यापाड्यांत मुक्काम करायच्या. आत एकावर एक दोन फळ्या झोपायला, भिंतीत कपाटं, कोपऱ्यात स्टोव्ह ठेवायचा पत्र्याचा कट्टा, हात धुवायचं भांडं आणि टपावर पाण्याची टाकी. तू रद्दीच्या दुकानात एका विलायती मासिकात असल्या घरांची चित्रं पाहिलेली होतीस. मी सांगितल्याबरोबर तू उठूनच उभा राहिलास. "घर आपलं, मालक आपणच. दौऱ्यावर गेलो तर घर सोबत. अन् नाव विचाराले कोणी नाही." इतका खूष मी तुला कधीच पाहिला नव्हता. मीही खूष झालो. माझी खुशी जरा वेगळ्या कारणाची होती.

गाडी पीटरकाकांच्या ताब्यात होती. ते त्या गाडीचे पहिले आणि शेवटचे ड्रायव्हर, सेवानिवृत्त होऊनही रोज येऊन तिला पुसायचे. त्यांची एकच अट. "चालवून पाहा, रामटेकपर्यंत नेऊन पाहा. पण मी सोबत असन. मले न घेता ही कंपाउंडच्या बाहेर जाणार नाही." तू म्हणालास, "काका, तुम्ही तर पोरगी पाहाले आल्यासारखं करून राहिले." ते म्हणाले, "पोरगीच आहे."

डिसेंबरातला रविवार होता. पुढच्या बाकावर मी चालवायला, मधे तू, खिडकीशी पीटरकाका. वहिनी मागे, घरात. चालकाच्या मागे सरकती काच होती, ती उघडून त्यांचं डोकं सारखं पुढे यायचं. भाड्याचं घर पाहायला गेल्यावर बायका जे जे विचारतात ते सगळं त्यांनी विचारलं. पाणी किती वेळ टिकते. कपाटाला कुलूप आहे काय. भांडी घासायची कुठे. शेवटी विचारलं, "सकाळचं ऊन कोण्या बाजूनं येते?" पीटरकाकांनी शांतपणे सांगितलं, "बाई, तुम्ही गाडी जिकडं फिरवान तिकडून येईन." त्यावर तू एवढा हसलास की मला कामठीजवळ गाडी बाजूला घ्यावी लागली. परवा सगळ्यात जास्त हशा यालाच मिळाला.

पुलावरून कन्हान नदी ओलांडली तेव्हा गाडी लोण्यासारखी चालत होती. मी तीस वर्षं गाड्यांचं पोट ऐकलेला माणूस आहे. गियर बदलताना जरा हट्ट करायची, पण म्हातारं माणूस उठताना गुडघ्यावर हात ठेवतं तेवढाच. मधे मधे गाडी थांबवून तू टेप घेऊन मागे जायचास आणि मापं पुढे ओरडून सांगायचास. घरी ठेवलेली तुमची पोरगी आणखी किती वर्षं वरच्या फळीवर मावेल याचा तू हिशोब केलास. "चौदा वर्षांची होईपर्यंत चिंता नाही," तू म्हणालास. "त्यापुढं पाय दुमडन." मनसरच्या पुढे काकांनी तुलाही थोडी चालवू दिली. बाजूला बसून ते सबंध वेळ पायाने नसलेला ब्रेक दाबत होते.

रामटेकला अंबाळ्याच्या तलावाशी गाडी लावली. वहिनींनी जाहीर केलं की भाकर थापल्याशिवाय घर पसंत करणार नाही. घर पाहायला गेलं की आपली माणसं नळ सोडून पाहतात, दारं उघडझाप करतात. वहिनींनी तर परात, पीठ, बेसन, तवा असा सगळा संसारच आणला होता. ती गाडी कशी चालते यापेक्षा तिच्यात झुणका कसा होतो हे त्यांना पाहायचं होतं, आणि मला ते आजही बरोबर वाटतं. मी आपला शहाणपणा करून स्टोव्हवर दूध ठेवलं आणि ते उतू जाऊ दिलं. नव्या घरात दूध उतू घालायचं, एवढंच मला माहीत. वहिनी म्हणाल्या, "अवं माय, भाऊजी, दूध काहून सांडून राहिले?" मी कारण सांगितलं. तू दारात उकिडवा बसून कांदा फोडत होतास. म्हणालास, "आमच्या घरी दूध पितात गा." आणि मग तुम्ही दोघं, गाडीच्या त्या अरुंद जागेत, हात जोडून उभे राहिलात आणि हलक्या आवाजात त्रिशरण-पंचशील म्हटलंत. पीटरकाकांनी टोपी काढून हातात घेतली. मी सांडलेलं दूध पुसत होतो.

भाकर फुगली. झुणका तिखटजाळ होता. काका दोनदा मागून जेवले आणि डॉक्टरबाई याच कट्ट्यावर अंडी उकडायच्या असं सांगत त्यांनी तो कट्टा हाताने पुसला. वहिनींनी पदराला हात पुसले आणि निकाल दिला, "घर पसंत आहे." तू खाली उतरलास. तळ्याकडे तोंड करून उभा राहिलास बराच वेळ. तुझी पाठ मला दिसत होती. छत्तीस वर्षांच्या माणसाला पहिल्यांदा कोणी तरी घर 'पसंत आहे' म्हटलं होतं.

परवा किस्सा इथेच संपवला मी.

परतताना मी चालवत होतो. मनसर गेलं. उन्हं कलली होती, रस्त्याच्या कडेने संत्र्यांच्या बैलगाड्या चालल्या होत्या. कन्हान यायच्या जरा आधी मागची काच सरकली आणि वहिनी म्हणाल्या, "सगळं पाहिलं. पण हे उभं कुठी करायचं?"

आपण तिघे पुरुष, एक फोरमन, एक ड्रायव्हर आणि एक जमिनी मोजणारा. गाडी कशी चालते हे पाहायला नव्वदेक किलोमीटर फिरलो आणि ती उभी कुठे राहील हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, असा मी तेव्हा क्षणभर आव आणला. पण तुझ्या डोक्यात ते पहिल्यापासून होतं. तू मागे वळून, अगदी सहज, रेशनचं दुकान कुठे आहे ते सांगावं तसं म्हणालास, "कुठी म्हणजे काय वं? विन्याच्या आंगणात. सक्करदऱ्याले एवढं मोठं आंगण पडलं आहे. रेशन कार्डावर पत्ताही त्याचाच टाकू." आणि माझ्या खांद्याला खांदा लावलास. "काय गा?"

मी 'हो' म्हणालो नाही.

'नाही'ही म्हणालो नाही, त्याला हिंमत लागते. मी पुढच्या बैलगाडीसाठी गियर बदलला. आरशात पाहिलं. शेजारीपाजारी डोळ्यांसमोर आले, घराच्या भिंतीला टेकून उभी गाडी, तिच्या दाराशी वाळत घातलेली तुमची धुणी, ओट्यावर बसलेले माझे वडील, आमचे दादा. पूल आला. कन्हानचा पूल केवढा लांब आहे हे मला त्या दिवशी समजलं. पुलाच्या मध्यावर माझ्या तोंडातून निघालं, "दादांना विचारावं लागेल."

तू लगेच म्हणालास, "हो हो. विचाराच लागन."  मागची काच हळूच बंद झाली.

पुलाच्या पलीकडे गेल्यावर तू कान टवकारलेस. "आवाज येऊन राहिला काय गा?"

"कशाचा?"

"मागच्या चाकाचा. घर्र घर्र."

"नाही."

"येऊन राहिला. मनसरपासून आहे." आणि पीटरकाकांकडे वळून, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणालास, "काका, गाडी सोन्यासारखी आहे. पण मागून आवाज आहे. मले दौऱ्यावर आडरानात नेणं आहे. नाही जमत."

काकांनी गाडी थांबवायला लावली. त्या वयात, रविवारचे धुतलेले कपडे घालून, ते रस्त्यावर पाठीवर झोपून गाडीखाली गेले. चाक हलवून पाहिलं, ठोकून पाहिलं. धूळ झटकत उठले आणि तुझ्याकडे नाही, माझ्याकडे पाहून म्हणाले, "साहेब, आवाज नाही आहे. तुम्ही मेकॅनिक आहा. तुम्ही सांगा."

मी सांगितलं, "असेल थोडासा."

धनराज, माझ्या सबंध नोकरीत मी गाडीबद्दल बोललेलं ते एकमेव खोटं. एका म्हाताऱ्याने पोरीसारखी जपलेली गाडी मी माझ्या तोंडाने नासवली, कारण तू माझ्यासाठी पळवाट काढली होतीस आणि तिच्यातून मला निसटायचं होतं. काका खिडकीशी जाऊन बसले. पुढे कोणा संत्र्याच्या व्यापाऱ्याने ती घेतली. मी कधी तिच्या वाटेला गेलो नाही.

मला वाटलं, तू आता येणार नाहीस. सोमवारी तू वर्कशॉपात आलास, खोक्यावर बसलास, चहा मागितलास. आणि तिथून आपलं ते भांडण सुरू झालं. मी म्हणायचो, आवाज नव्हता. तू म्हणायचास, होता. लोकांना वाटायचं, दोन म्हातारे होत चाललेले मित्र जुन्या गाडीवरून भांडतात. पोरं मुद्दाम विषय काढायची. मी दर वेळी 'नव्हता' म्हणायचो ते दार उघडावं म्हणून. तू दर वेळी 'होता' म्हणून ते लावून घ्यायचास. तुला माझी माफी नको होती का? की माफी मागून मी मोकळा होईन आणि तुझ्याकडे माझी ऐकलेली कबुली तेवढी उरेल, असं तुला वाटायचं? यावर मात्र मला तुझा राग येतो. माणसाने दुसऱ्याला एवढं सांभाळून घेऊ नये. त्याला लाज बाळगायचाही हक्क उरत नाही.

तू आणखी सहा वर्षं त्या वस्तीतल्या घरात काढलीस. मग शहराबाहेर प्लॉट घेऊन घर बांधलंस, तिथे सगळ्यांत पहिला मला नेलंस. दोनच खोल्या, पण पुढे केवढी तरी मोकळी जागा. मी विचारलं, एवढी जागा का सोडलीस? तुझ्याकडे तर सायकल. तू म्हणालास, "राहू दे गा. कोणाची गाडी आली तर उभी कुठी करन?" ते तू टोमणा म्हणून बोललास असं मी बरीच वर्षं समजत होतो. आता वाटतं, तू खरंच एवढ्यासाठीच जागा सोडली होतीस. परवा कार्यक्रमाचा मांडव तिथेच घातला होता आणि शंभरेक माणसं आरामात बसली.

तुझ्यामुळे मला काय काय मिळालं याची यादी करायला बसलो तर तू वरून हसशील. वरून वगैरे तू मानत नव्हतास, तेही मला माहीत आहे. माझी बायको गेली तेव्हा पंधरा दिवस तू रोज संध्याकाळी येऊन नुसता बसायचास. दादांना पक्षाघात झाल्यावर त्यांना उचलून अंघोळ घालायला तू यायचास. दादा तुझ्या खांद्यावर हात टाकून चालायचे आणि माझ्यापेक्षा तुझं जास्त ऐकायचे. तुझा हात धरून त्यांनी एकदा मला विचारलं होतं, याचं घर लांब पडतं, हा जवळपास का राहत नाही? तू म्हणालास, "दादा, मले लांबचंच घर आवडते." मी पाण्याचा तांब्या आणायला आत गेलो.

शेवटच्या आठवड्यात तुझ्या खाटेजवळ बसून मी ठरवलं होतं की आज बोलायचं. म्हणालो, "धनराज, त्या गाडीला आवाज नव्हता." तू डोळे न उघडता म्हणालास, "होता गा." आणि हसलास. नर्स आली, मी उठलो.

इथपर्यंत तुला सगळं माहीत होतं. एक गोष्ट माहीत नव्हती. आपण रामटेकला गेलो त्याच्या आदल्या संध्याकाळी मी आमचं अंगण मोजलं होतं. तुझ्यासारखी साखळी नव्हती माझ्याकडे, पावलांनीच मोजलं. फाटकापासून विहिरीपर्यंत, भिंतीपासून तुळशीपर्यंत. गाडीची लांबी मी मिशनच्या आवारात आधीच पाहून ठेवली होती. गाडी बसत होती. दार उघडायलाही जागा उरत होती, आणि सकाळचं ऊन दारातून आत आलं असतं. तू विचारायच्या आधीच मी तुला सांगणार होतो. खरंच सांगणार होतो.

मी तिसऱ्यांदा मोजत होतो तेव्हा दादा ओट्यावर येऊन उभे राहिले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी नुसतं विचारलं, "काय मोजून राहिला रे?"

ते काय म्हणाले असते, मला आजवर ठाऊक नाही. कन्हानच्या पुलावर मी त्यांचं नाव पुढे केलं, पण त्यांनी कधी नकार दिलाच नव्हता. त्यांना कोणी विचारलंच नाही. त्या संध्याकाळी ते स्वतः विचारत होते. मी पाऊल मागे घेतलं आणि म्हणालो, "काही नाही, दादा."

तुझा,
विनायक